आगाशेकाकांची वायव्य

आगाशेकाकांच्या घराची बेल वाजवली की दार उघडतं आणि "या, बसा" व्हायच्या आधी काका विचारतात, "खाली कदंबाची पानं कुठली बाजू दाखवतायत?"

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा माझ्या हातात रिकामी वाटी होती. विरजण मागायला गेले होते. उकाड्यानं जीव नकोसा झालेला. मी म्हटलं, "पानं? हिरवी आहेत की."

"हिरवी दोन्हीकडून असतात, वहिनी. वरची चकचकीत बाजू दिसतेय, की खालची फिकट?"

आता मी काय पानं बघत जिना चढते? पण काका दारातून हलेनात, आणि विरजण त्यांच्या मागे होतं. शेवटी मुकाट खाली उतरले, फाटकाजवळच्या कदंबाकडे मान वर करून बघितलं आणि पुन्हा चार मजले चढून सांगितलं, "फिकट." लिफ्ट त्या दिवशी बंद होती हे सांगायलाच नको.

"फिकट ना? मग पळा घरी आणि खिडक्या लावा," म्हणून काकांनी दार लावून घेतलं. विरजण राहिलंच. पण अर्ध्या तासात असा वारा आला, की समोरच्या इमारतीतली कुणाचीशी बादली उडून आमच्या गॅलरीत पडली. मालक विचारायला आलाच नाही. चांगली बादली आहे, अजून वापरते.

खरं तर आमची ओळख त्याच्याही आधी झाली होती, आणि तीही बाथरूमच्या खिडकीतून. थांबा, नीट सांगते.

ह्यांची बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही बेहाला भागात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. चैत्राचे दिवस. एका दुपारी खाली वॉचमन निताई म्हणाला, "बौदी, झॉड आश्छे." मी मूळची सांगलीची. आमच्याकडे झड म्हणजे काय, तर दिवसच्या दिवस लागून राहणारा शहाणासुरता पाऊस. झड लागली की माणूस छत्री घेतो, कांदे आणतो आणि भजी तळतो. मी खिडक्या उघड्या टाकल्या, छत्री घेतली आणि कांदे आणायला निघाले. कोपऱ्यापर्यंत पोचले नसेन, तो धुळीचा लोट आला, छत्री उलटी झाली आणि मला ओढत घेऊन निघाली. एवढ्यात वरून, साक्षात आकाशातून, शुद्ध मराठी ऐकू आलं, "अहो बाई, छत्री सोडा! ती आपली झड नव्हे! बंगालीत झॉड म्हणजे वादळ! छत्री सोडा आधी!"

वर बघते तर चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या एवढ्याशा खिडकीत एक टक्कल आणि एक चष्मा. मी छत्री सोडली. ती गेली ती गेलीच. मराठी माणसाची कोलकात्यातली ही पहिली चूक ठरलेलीच आहे, असं काकांनी नंतर समजावलं. बँकेनं त्यांना इथं पाठवलं तेव्हा तेही छत्री घेऊनच निघाले होते म्हणे. तीन वर्षांसाठी म्हणून आले, त्याला आता तीसच्या वर वर्षं झाली. बँकेतून निवृत्त होऊनही जमाना झाला. पुण्याला परत जायचा विषय कुणी काढला की म्हणतात, "पुण्याच्या आभाळात काय आहे बघायला?"

इमारतीतले बंगाली त्यांना 'आकाशबाबू' म्हणतात. 'आगाशे' त्यांच्या जिभेवर बसत नाही, हे एक. आणि हा माणूस सदान्‌कदा आकाशाकडेच बघत असतो, तेव्हा आडनाव आकाशच असणार, अशी बऱ्याच जणांची प्रामाणिक समजूत आहे.

आकाशात बघायचं म्हणजे तरी कुठे? तर वायव्येला. चैत्र-वैशाखात इथं दुपार कलली की जी वादळं येतात, ज्यांना हे लोक कालबैशाखी म्हणतात, ती वायव्येकडून येतात. म्हणून काकांच्या जगात ही एकच दिशा. "वायव्य बघा, वायव्य!" हे त्यांचं पालुपद. त्यांच्याकडे चहा करायला मी ओट्याशी उभी राहिले आणि साखर कुठेय विचारलं, तर बाहेरून उत्तर, "चहाच्या डब्याच्या वायव्येला." मी डोळे मिटून हात घातला, तो हळदीत.

पंचाईत अशी, की त्यांच्या फ्लॅटमध्ये वायव्येला उघडणारी खिडकी एकच, बाथरूमची. वैशाखात काकांकडे जाणाऱ्यानं सगळं आपापल्या घरून आटपून जावं. आमचे हे एकदा पाऊण तास ताटकळले. आत काका स्टुलावर उभे, आणि बाहेर हे एका पायावरून दुसऱ्या पायावर. "काका, जरा घाई आहे." आतून आवाज, "घाई करू नका, ढगाचं डोकं अजून गोल आहे."

गच्चीत का जात नाहीत? तर गच्चीची किल्ली सोसायटीनं त्यांच्यापासून लपवून ठेवली आहे. त्याचं असं झालं, की आभाळ जरा काळवंडलं की हे गच्चीत धावायचे आणि अख्ख्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे गोळा करून आपल्या घरी आणायचे. हेतू उत्तम. पण मग साड्या, लुंग्या, परकर यांचा एकच ढीग, आणि वाटप करताना काकांना काय कळणार कुणाचं काय! दुसऱ्या मजल्यावरच्या दोन जावांमध्ये एका ब्लाउजवरून जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

हवामानाच्या ॲपवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "चाळीस टक्के पाऊस म्हणे! म्हणजे मी काय, गुडघ्यापर्यंत भिजू?" त्यांचं स्वतःचं यंत्र म्हणजे बनियन. दुपारी एक ओलं बनियन दोरीवर टाकायचं आणि तासाभरानं चाचपून बघायचं. ऊन रणरणतंय, तरी बनियन वाळत नाही आणि पान हलत नाही, म्हणजे लक्षण वाईट. मग व्हॉट्सॲपवर सगळ्यांना निरोप येतो, 'बनियन ओलेच. सावध.' आमच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला मी हा निरोप चुकून पुढे पाठवला. तिनं मला फोन करून घरचं सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

तर असा हा माणूस. नुसता छंद असता तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण ह्या वायव्येला एक कारण होतं आणि त्या कारणाचं नाव ईरा.

ईरा ही काकांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली. काकांनी एकट्यानं वाढवली. आता चांगली तिशीला आलीय, मोठ्या कंपनीत कामाला आहे. गोड पोरगी, पण मराठीचा आनंदीआनंद. घरात बोलायला बाप एकटा, बाकी शाळा बंगाली, मैत्रिणी बंगाली. बंगालीत क्रियापदाला बाई-पुरुष नसतो. त्यामुळे ईराच्या मराठीत सगळं जगच स्त्रीलिंगी. "बाबा, तू जेवली का?" "काकू, काका ऑफिसला गेली?" आमच्या ह्यांना ते ऐकून इतकं कसंनुसं होतं, की ती आली की हे पेपर तोंडासमोर धरतात.

ह्या ईराला एक वेड लागलं. काका त्याला 'पतंग उडवणं' म्हणतात. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला लांब दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला हवा भरलेला, खोलीएवढा पतंग. वारा पतंगाला ओढतो आणि आपण समुद्रावरून धावत सुटायचं. काइटबोर्डिंग म्हणतात. इथून दक्षिणेला गाडीनं काही तासांवर, बकखालीकडे किनारा आहे, तिथं शनिवार-रविवारी हिचा कंपू जातो. निताईला काकांनी "ईरा पतंग उडवायला गेलीय" असं सांगितलं, तर तो बिचारा म्हणाला, "एतो बोडो मेये घुडी ओडाय?" एवढी मोठी मुलगी पतंग उडवते? काका म्हणाले, "अरे, उडवत असती तर बरं होतं. ही स्वतःला त्याला बांधून घेते."

बापाला धास्ती वाटणारच हो. पण काकांनी तिला एकदाही 'जाऊ नकोस' म्हटलं नाही. जेवायला बसलं की शिकवणी सुरू. पानातला फ्लॉवर उचलायचा आणि म्हणायचं, "ढग असा फुलत वर चढत असेल तोवर एक डोळा ठेव. ह्याचं डोकं सपाट झालं, लोहाराच्या ऐरणीसारखं पसरलं, की पतंग खाली. गडगड ऐकू येईपर्यंत थांबलीस तर उशीर झालाच समज. आणि वारा एकाएकी पडला, गार झुळूक आली, तर हुश्श करू नकोस. तेव्हाच पळ." ईरा म्हणायची, "बाबा, ती फ्लॉवर खा आता."

एकदा आम्ही सगळे तिचा खेळ बघायला गेलो. काका पॅंट-शर्ट, पायात बूट, असे वाळूत उभे. समुद्रात सहा-सात रंगीत पतंग, आणि त्यांतला पिवळा आमचा. इतकं सुंदर दिसत होतं, की मी डबा उघडायचं विसरले. काकांनी मात्र समुद्राकडे पाठ केली होती. ते जमिनीकडच्या आभाळाकडे बघत होते. तासाभरानं ओरडले, "वायव्य! वायव्य बघा! डोकं पसरलं!" आणि हातातला रुमाल नाचवत थेट पाण्यात शिरले, बुटांसकट. पोरं घाबरून बाहेर आली. पतंग उतरवले, हवा काढली, गुंडाळले. आणि तो ढग निघून गेला की हो ओडिशाकडे! संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन आणि झकास वारा. पोरांचा आठवड्याचा एक दिवस वाया गेला. ईराचा चेहरा पडला तो पडलाच.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, तू मला दिवसभर फोन करते. आता तू बीचवर पण आली. मी काय छोटी आहे? यापुढे एक फोन. मी पाण्यात असते त्या दिवशी तू फक्त एक फोन करशील. शपथ घे."

काकांनी शपथ घेतली. बूट ओले होते, घरापर्यंत पच्‌ पच्‌ वाजत होते.

तेव्हापासून काकांच्या जिवाला नवा घोर. एकच फोन. घाईनं केला आणि ढग भलतीकडे गेला, तर पुन्हा तोंडघशी, आणि मग पुढच्या वेळी पोरगी ऐकायची नाही. उशिरा केला तर... ते पुढचं वाक्य काका पुरं करत नसत. सोय एवढीच होती, की वादळ वायव्येकडून येतं, म्हणजे आधी आमच्या डोक्यावर येतं आणि मग तास-दीड तासानं त्या किनाऱ्यावर पोचतं. बेहालातली ती बाथरूमची खिडकी म्हणजे ईराची चौकीच म्हणा ना.

मागच्या वैशाखातला तो शनिवार. मी काकांना थालीपीठ द्यायला वर गेले. दार उघडंच होतं, पानांचं कुणी विचारलंही नाही. काका स्टुलावर, हातात फोन. दोरीवरचं बनियन सकाळपासून ओलं. बाहेर एक पान हलत नव्हतं, कावळेसुद्धा गप्प. वायव्येला शाई सांडल्यासारखं झालेलं.

"करा फोन," मी म्हटलं.

"थांबा. डोकं पसरू दे. नक्की होऊ दे."

मी दारात, ते स्टुलावर. आणि एकाएकी खालची धूळ उठली, कदंब अख्खा फिकट झाला आणि गार झोत खिडकीतून आत आला. काकांनी फोन लावला. ईरा नेमकी पाणी प्यायला किनाऱ्यावर आली होती, उचलला. काका ओरडले, "ईरा! वारा सुटलाय! ऐकतेस ना? इकडे वारा सुटलाय!"

पलीकडून तुटक तुटक ऐकू आलं, "सुटला? बरं झालं, बाबा! छान!" आणि फोन बंद.

काका स्टुलावरून खाली उतरले. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू मुलीचं कन्यादान केलंय. "पोचवलं बाई एकदाचं," म्हणाले आणि थालीपीठाचा तुकडा मोडला. "छान म्हणाली."

मी खिडक्या लावत होते. "छान म्हणाली?"

"हो. बरं झालं म्हणाली."

"काका, वादळ येतंय म्हटल्यावर 'बरं झालं' कोण म्हणतं?"

काकांचा हात ताटातच राहिला. असा चेहरा मी कुणाचा बघितला नव्हता. "तिला तो शब्द येत नाही," ते म्हणाले. "सुटणे. तिला वाटलं असेल, वारा सुटला म्हणजे संपला. शाळा सुटली, तसं. वहिनी, ती पाण्यात गेली परत."

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच. मग काकांनी कपाटाच्या आतून चिठ्ठीवर लिहिलेला एक नंबर काढला. किनाऱ्यावरचा चहावाला झंटू, त्याचा. शपथेमुळे आजवर वापरला नव्हता. झंटूनं उचलला आणि काका बोलायला लागले ते चक्क मराठीत, "अरे तिला बोलव रे, वादळ येतंय, बोलव तिला!" तीस वर्षांचं बंगाली पार पळालं होतं. मी फोन हिसकावून घेतला. माझं बंगाली भाजीबाजारापुरतं, पण तेवढ्यावर जन्मात कधी अडलं नाही. "झंटूदा! झॉड आश्छे! ईराके डाको! लाल गामछा दिये डाको!" ईराला बोलव, लाल पंचा हलवून बोलव.

"केनो बौदी?" तो म्हणाला. "आकाश तो पोरिष्कार." तिथं आभाळ स्वच्छ होतं ना! त्याचं तरी काय चुकलं?

"डाको बोलछी ना!" मी अशी कडाडले, की भाजीवाल्यानं परवर फुकट दिले असते. तो "जाच्छि, जाच्छि" म्हणाला. फोन ठेवून पळाला असावा.

मग वीज गेली. आमच्याकडे वादळ पुरतं येऊन ठेपलं होतं, दारं धडाधड आपटत होती. काका हॉलमध्ये खुर्चीच्या काठावर बसले आणि मला सांगायला लागले. मी विचारलं नव्हतं. सांगितल्याशिवाय त्यांना बसवत नव्हतं. "आता तिथला दक्षिणेचा वारा पडेल. पतंग ढिला होईल. पोरं म्हणतील, थांबू जरा, येईल परत. आणि मग मागून येईल, जमिनीकडून. दक्षिणेचा वारा कसाही झाला तरी माणसाला काठावर आणून टाकतो हो. हा आत घेऊन जातो."

मी त्यांचा हात धरला. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस, पण धरला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण काका, 'सुटणे' का येत नाही तिला? रोजचा शब्द आहे."

"मीच काढून टाकला घरातून," काका म्हणाले.

ईराची आई खूप दिवस अंथरुणाला होती. फार हाल झाले. गेली तेव्हा पुण्याहून आलेले सगळे म्हणत होते, सुटली बिचारी, सुटली. "ईरा पहिलीत होती. तिनं मला विचारलं, आई कुठंय? माझ्या तोंडून दुसरा शब्दच फुटेना. मीही म्हणालो, आई सुटली. ती म्हणाली, शाळा सुटते तशी? मी हो म्हणालो, वहिनी. काय म्हणणार होतो? आणि शाळा सुटली की मुलं घरी येतात, एवढंच तिला ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी बूट घालून गॅलरीत उभी राहायला लागली. गल्लीकडे बघत. मी तिच्या मागे उभा राहायचो. तिला सांगायची हिंमत नव्हती, आणि त्या गल्लीकडे माझ्याच्यानं बघवायचं नाही. येणार कोण होतं तिथून? मग मी वर बघायचो. ढगांकडे. तेव्हापासूनची सवय ही."

पुढे ती आपली आपण थांबली. पण तो शब्द काकांनी पुन्हा तिच्यासमोर उच्चारला नाही. शाळा 'संपली' म्हणायचे, गाठ 'निघाली' म्हणायचे. वारा 'आला' म्हणायचे. त्या दिवशी भीतीच्या भरात तोंडून गेला, आणि ती तर अडाणीच राहिलेली त्याबाबतीत.

तासाभरानं फोन वाजला. नंबर झंटूचा, आवाज ईराचा. मागे नुसता घोंघाट. "बाबा! मी बाहेर आहे! सगळी बाहेर आहे! झंटूदानं गामछा दाखवली, आम्ही आलो, आणि पतंग गुंडाळली, आणि वारा एकदम बंद, आणि मग... बाबा, टपरीची पत्रा उडाली!" मग रागावून, "तू म्हणाली वारा सुटला!"

"सुटला म्हणजे सुरू झाला गं, राणी," काका म्हणाले आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला. माझा जीव भांड्यात पडला. मी पदरानं डोळे पुसले आणि झंटूच्या पत्र्याचे पैसे आम्ही देऊ असं ओरडून सांगून टाकलं.

रस्त्यावर झाडं पडली होती, त्यामुळे ईरा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. केसांत वाळू, नाक सोललेलं. मी वरच होते, काकांना रात्रभर झोप नव्हती म्हणून चहा करून देत होते. तिनं पिशवी टाकली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "बाबा, सुटणे म्हणजे नक्की काय?"

काका म्हणाले, "बांधलेलं मोकळं होतं, तेव्हा सुटलं म्हणतात."

ती खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, "आई सुटली म्हणजे तसं?"

"तसं."

"मला वाटायचं, संपली. शाळा सुटते तशी का, असं मी विचारलं होतं ना? म्हणजे संपली का. तू हो म्हणाली. तेव्हाच मला कळलं."

काकांनी कप खाली ठेवला. "तुला कळलं होतं? अगं, मग रोज गॅलरीत कुणाची वाट बघायचीस? बूट घालून?"

"मी कुठे वाट बघायची? वाट तू बघायची," ईरा म्हणाली. "ऑफिसातून आली की तू बूट पण नाही काढायची, सरळ गॅलरीत येऊन उभी राहायची. किती वेळ! मला वाटलं, बाबाला कुणी नीट सांगितलंच नाही. मी कशी सांगणार? तुला एकटं कसं ठेवणार? म्हणून मी पण बूट घालून उभी राहायची, तुझ्यासोबत."

काकांनी चष्मा काढून हातात धरला.

"अगं वेडे," ते म्हणाले, "मी तर तुझ्यासाठी उभा राहायचो."

मला तिथं बसवेना. मी उठून आत गेले आणि दोघांसाठी तांदूळ धुवायला घेतले.